सगळ्या बाळांचं रक्त अकरा पॉइंट दोन

आमच्या आरोग्य केंद्राच्या वहीत दीड वर्ष एकही बाळ अशक्त नव्हतं. सहा महिन्यांचं असो की वर्षाचं, मुलगा असो की मुलगी, प्रत्येकाचं हिमोग्लोबिन अकरा पॉइंट दोन. अकराच्या खाली गेलं की बाळाला रक्त कमी आहे असं धरायचे, म्हणून अकरा. नुसतं अकरा लिहिलं तर कुणाला शंका येईल, म्हणून पॉइंट दोन. अकराचा आकडा आमच्या डॉक्टरसाहेबांनी सांगितला होता. पॉइंट दोन ही माझी कलाकुसर.

मी त्या केंद्रात लॅबवाला होतो. लॅब म्हणजे एक ओटा, एक बेसिन आणि बंद न होणारी एक खिडकी. रक्त तपासायच्या पट्ट्या संपल्या तेव्हा मी मागणीचं पत्र लिहून डॉक्टरसाहेबांपुढे ठेवलं. त्यांनी ते वाचलं, नीट घडी घातली आणि खणात टाकलं. म्हणाले, "पट्ट्या संपल्या असं कळवलं तर आपण काम बंद ठेवलं असा अर्थ होतो. आकडा लिहीत जा." मी लिहीत गेलो. बोट टोचायचं नाही, सुई उघडायची नाही. आया म्हणायच्या, लॅबवाले भाऊ फार चांगले, लेकराला रडवत नाहीत. हे कौतुक मी दीड वर्ष मान खाली घालून, पण आवडीने ऐकलं.

केंद्राच्या मागे ओढा होता आणि ओढ्यापलीकडे खडी फोडणाऱ्यांची वस्ती. पत्र्याच्या खोल्या, दिवसभर मशिनची घरघर, आणि भांड्यांपासून भुवयांपर्यंत सगळ्यावर राखाडी धूळ. त्या राखाडीत पोरं मात्र पांढरी. आठ-दहा महिन्यांची पोरं बसवली तिथे बसून राहायची. रांगायची नाहीत, हट्ट करायची नाहीत, बाटलीतून चहा प्यायची आणि संधी मिळाली की खडीची भुकटी चाटायची. त्यांच्या आज्या अभिमानाने सांगायच्या, "आमच्याकडे पोरं गोरीच होतात." हा रंग कशाचा हे शिकायला मी दोन वर्षं घालवली होती. मी म्हणायचो, "हो ना, छान आहे."

आमचे साहेब दहाला उघडणाऱ्या केंद्रात अकराला यायचे आणि बाराच्या ठोक्याला निघायचे, कारण साडेबाराला बाजारात त्यांचा स्वतःचा दवाखाना उघडायचा. त्या एका तासात जेवढं जग आजारी पडेल तेवढ्याला ते तपासायचे. कडक इस्त्रीचा शर्ट, अत्तर, आणि खुर्चीमागच्या भिंतीवर स्वतःच्या सत्काराचे सात फोटो. आठव्यासाठी खिळा आधीच ठोकून ठेवला होता.

दुसरे आमचे भांडारपाल. कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा म्हणून आम्ही त्यांना किल्लेदार म्हणायचो, आणि त्यांना ते कौतुक वाटायचं. त्यांच्या कपाटात बाळांना द्यायच्या लोहाच्या थेंबांच्या तीनशे बाटल्या होत्या. सहा महिन्यांवरच्या प्रत्येक बाळाला द्यायच्या म्हणून आलेल्या. पण बाटल्या वाटल्या की कपाट रिकामं दिसतं, आणि रिकामं कपाट म्हणजे हलगर्जीपणा, असं किल्लेदारांचं तत्त्वज्ञान होतं. दर सोमवारी ते फडकं घेऊन एकेक बाटली पुसायचे. इतक्या मायेने त्यांनी घरच्या नातवाचं नाकही पुसलं नसेल. मुदत संपली की इमारतीमागे खड्डा खणून बाटल्या पुरायच्या आणि नव्या मागवायच्या. त्या खड्ड्यावरचं गवत मात्र धष्टपुष्ट होतं.

अशा या तीन शहाण्यांच्या केंद्रात ती नर्स बदलून आली. पन्नाशीची, ठेंगणी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मागच्या एका कोठीएवढ्या खोलीत एकटी राहायची. नवरा दुसऱ्या गावी शिंपी होता. महिन्यातून एकदा यायचा, खिडकीशी बसून उरलेल्या कापडांची झबली शिवायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचा. दोघं एकमेकांशी फारसं बोलताना मी कधी पाहिलं नाही, पण झबली मात्र नेहमी मापाची असायची.

पहिल्याच आठवड्यात वस्तीतली एक सून बाळंतपणाला आली. पहिलटकरीण. पावणेबारा वाजले होते. रक्तगटाचा नमुना घ्यायला म्हणून मी पडद्याबाहेर उभा होतो, त्यामुळे दिसलं काही नाही, ऐकू मात्र सगळं आलं. आधी बाळाचं रडणं आलं, मग साहेबांचा आवाज.

"कात्री."

"थांबा," नर्स म्हणाली.

"काय थांबा?"

"नाळेत ठोके आहेत अजून."

"सिस्टर, मला बाराला निघायचंय."

"मग निघा. बाळाला कुठे जायचं नाहीये."

 मग साहेब हसले. समोरच्याला मूर्ख ठरवायचं असलं की ते असेच हसायचे. "काय, बाळ चार्जिंगला लावलंय का?"

"तसंच समजा. वारेतलं रक्त अजून त्याच्याकडे जातंय. चांगलं अर्धी वाटी असतं, आणि त्याचंच असतं. पुढचे सहा महिने त्याला ते पुरवायचंय. बाळ रडत नसतं तर मीच आधी कापली असती. हे तर घसा फोडून रडतंय. नाळेला हात लावू नका."

तीन मिनिटं म्हणजे किती, हे पडद्याबाहेर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. साहेबांनी चार वेळा उसासा टाकला. मधे एकदा बाळंतिणीने घाबरून विचारलं, "सिस्टरबाई, काही वाईट आहे का?" तर ती म्हणाली, "काही नाही गं. तुझ्या लेकीचं जेवण चालू आहे, त्या साहेबांना घाई झालीय." शेवटी म्हणाली, "आता बघा. पांढरी पडली, लुळी झाली. आता कापा हवी तेवढी."

बाराला सहा मिनिटं कमी असताना साहेब गाडीत बसले. म्हणजे वेळ होता. जाताना मला म्हणाले, "या जुन्या बायांना विज्ञान कळत नाही." त्या दिवसापासून केंद्रात तिचं नाव थांबाबाई पडलं. नाव किल्लेदारांनी ठेवलं, आणि मी ते पहिल्यांदा तिच्या पाठीमागे आणि मग तिच्या तोंडावरही वापरलं.

मी एकदा तिला विचारलं, हे कुठे शिकलात? ती सुया उकळत होती. म्हणाली, "आधीच्या दवाखान्यात मला कात्री म्हणायचे. बाळ बाहेर आलं की कच्च. माझ्याइतका हात कुणाचा चालत नव्हता, आणि मला केवढा तोरा होता त्याचा! एकदा कात्री उकळलेली नव्हती. स्टोव्ह पेटेना. तेवढा वेळ नुसती बघत बसले. हाताला लागत होतं, नाळ धडधडत होती. हळूहळू थांबली. इकडे पोर गुलाबी होत गेलं. आमच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, तुम्ही कामाशी काम ठेवा. मग वर्षभराने प्रशिक्षणाला एक बाई आल्या होत्या, त्यांनी सगळं समजावून सांगितलं." तिने चिमट्याने एक सुई बाहेर काढून धरली. "वीस वर्षं मी पोरांच्या तोंडचा घास कापला, आणि लोकांनी मला साडी देऊन सत्कार केला. तुमच्या साहेबाला हसायला मला तोंड नाही. तरी हसते, ते सोडा."

आठ-नऊ महिने असेच गेले. मग एका सकाळी तिने माझी वही मागितली. बाळांची वाढ आणि रक्त जुळवून बघायचं म्हणाली. मी कारणं सांगितली, तिने ती ऐकली आणि वही उचलून नेली. अर्ध्या तासाने परत आली. ओट्यावर वही उघडी ठेवली आणि बोट वरून खाली नेलं.

"अकरा पॉइंट दोन. अकरा पॉइंट दोन. अकरा पॉइंट दोन. ही सगळी एकाच साच्यातून काढलीत का?"

मी म्हणालो, पट्ट्या नाहीत.

"कधीपासून?"

"दीड वर्ष."

ती मला तोवर तुम्ही म्हणायची. त्या क्षणी तू म्हणाली. "तुला लाज वाटत नाही, हे मी समजू शकते. कंटाळा कसा आला नाही रे? निदान एखाद्याला तरी बारा द्यायचं होतंस."

मी साहेबांचं नाव पुढे केलं. ती म्हणाली, "साहेबाने सांगितलं. पेन कुणाचं होतं?" आणि निघून गेली. मला वाटलं, आता तक्रार करणार. तक्रार नाही केली. दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती जिल्ह्याच्या भांडाराला गेली आणि तिथल्या बाकावर बसली. पट्ट्या नाहीत असं सांगितलं तरी बसली. तिथले साहेब जेवायला गेलेत सांगितलं तरी बसली. दोन दिवस बसल्यावर तिला घालवण्यासाठी का होईना, पण कुणीतरी चार डबे पट्ट्या आणून हातात दिल्या. त्या आणून तिने माझ्या ओट्यावर ठेवल्या आणि एवढंच म्हणाली, "चल."

वस्तीत मशिनच्या शेडखाली आम्ही त्रेचाळीस बाळं तपासली. पहिल्यांदाच बोटं टोचली आणि पोरं रडली, तेव्हा आया माझ्याकडे असं बघायला लागल्या जणू मीच बिघडलोय. एका आजीच्या कडेवर दहा महिन्यांची नात होती. मेणासारखी. टोचलं तरी ती रडली नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं. नर्सने अंगठ्याने तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आजीला दाखवली.

"हे बघा आजी. आतून लाल पाहिजे."

"गोरी आहे ती," आजी म्हणाली. "तिचा आजाही गोरा होता."

"आज्याचं मला माहीत नाही. हिच्यात रक्त नाहीये. खायला काय देता?"

"चहा-बिस्कीट खाते की. आवडीने खाते."

"चहा बंद. अन्नातलं लोह असेल-नसेल तेवढं तो अंगी लागू देत नाही. अंडं द्या, डाळ घट्ट कालवून द्या, पाला बारीक चिरून द्या, वर लिंबू पिळा. कलेजी मिळाली तर मऊ शिजवून चिमूटभर. आणि वर्षाची होईपर्यंत दूध आईचंच, वरचं नको."

"आमच्या सात पिढ्या चहावर वाढल्या," आजी म्हणाली.

"वाढल्या म्हणूनच तुम्हाला ओढ्याचा चढ चढताना धाप लागते," नर्स म्हणाली. ते खरं होतं.

मुलीचं रक्त सहा पॉइंट दोन निघालं. तो पॉइंट दोन मी दोनदा वाचला. त्रेचाळीसपैकी एकतीस अकराच्या खाली होती. ज्यांची नाळ थांबून कापली अशी, सहा महिन्यांवर गेलेली, आठ बाळं त्या त्रेचाळिसांत होती, आणि त्या आठांतली दोनच अकराच्या खाली. मी हे आनंदाने तिला सांगायला गेलो तर म्हणाली, "आठ पोरांवरून काही सिद्ध होत नाही. आणि ज्या दोघांचं कमी आहे त्यांच्या आयांना आठ पोरांचं काय करायचंय?"

सहा पॉइंट दोनच्या पोरीचं थेंबांनी भागणारं नव्हतं. नर्स तिला आईसकट मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली, भरती केली, आणि येताना तिथल्या मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडून बाकीच्यांसाठी वजनाप्रमाणे किती थेंब द्यायचे त्याचा तक्ता लिहून आणला.

यादी आणि तक्ता घेऊन ती साहेबांच्या खोलीत गेली. मीही मागे होतो, दाराच्या आत एक पाय ठेवून. साहेबांनी यादी वाचली आणि एखादी जड वस्तू असावी तशी टेबलावर ठेवली.

"सिस्टर, तीन आठवड्यांनी समिती येतेय. निरोगी बाळ प्रमाणपत्रासाठी आपल्या केंद्राचं नाव वर गेलंय. आणि तुम्ही मला एकतीस आजारी बाळं आणून देताय?"

"मी आणली नाहीत. ती इथेच होती."

"समिती जाऊ दे. मग शांतपणे बघू."

"तोवर थेंब सुरू करते."

"किल्लेदारांना विचारा." एवढं बोलून ते माझ्याकडे वळले. "आणि तू ते आकडे वहीत चढवू नकोस. जुनी पद्धत बरी होती."

मी मान हलवली. कुठल्या बाजूला हलवली ते मला आजही सांगता येणार नाही. साहेबांना ती होकारार्थी दिसली, आणि मी दुरुस्त केलं नाही.

किल्लेदार म्हणाले, "पाहणीआधी एक बाटली हलणार नाही."

"पाहणीनंतर?"

"नंतर मुदत बघावी लागेल."

"मुदत चार महिन्यांत संपतेय. मी वाचलंय."

"तेच म्हणतोय," किल्लेदार समजूतदारपणे म्हणाले. "मग वाटून काय उपयोग?"

असं बोलून माणूस झोपू कसा शकतो, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मी स्वतः व्यवस्थित झोपत होतो.

सोमवारी सकाळी किल्लेदारांनी फडकं घेऊन कपाट उघडलं आणि नर्स आत शिरली. खांद्याला नवऱ्याने शिवलेली मोठी पिशवी होती. तिने आवक-जावक वही ओढून घेतली, पहिल्या बाळाचं नाव लिहिलं, पुढे 'एक बाटली', पुढे सही, आणि बाटली पिशवीत. मग दुसरं बाळ. किल्लेदारांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"ओ बाई! ही चोरी आहे!"

"चोर सही करत नाही."

"मी ओरडेन!"

"ओरडा. बाहेर तीस आया बसल्यात पोरं घेऊन, त्यांनाही ऐकू दे कपाटात काय आहे ते."

किल्लेदारांनी खिडकीतून पाहिलं. अंगणभर बायका बसल्या होत्या. तिनेच आदल्या दिवशी घरोघर जाऊन बोलावलं होतं. किल्लेदारांनी ओरडायला उघडलेलं तोंड मिटलं, आणि मग ते कमरेच्या जुडग्याशी चाळा करत राहिले.

बाटल्या वाटताना तिने प्रत्येकीला तेच ते सांगितलं. थेंब जिभेच्या मागे सोडायचे, दुधात किंवा चहात नाही. बाटली उंच ठेवायची, मोठ्या भावंडाच्या हाताला लागली तर ते विष आहे. शी काळी होईल, घाबरायचं नाही. आयांनी मान डोलावली, आणि दहाव्या दिवशी पोरांची शी काळी झाल्यावर त्या घाबरून केंद्रात आल्या. कुणीतरी पसरवलं होतं की औषधाने आतडं जळतं. एका सासूने बाटली गटारात ओतली होती. नर्स ओट्यावर हात टेकून उभी राहिली.

"मीही लोहाच्याच गोळ्या खातेय महिनाभर. माझीही काळीच होतेय. कुणाला बघायला यायचंय?"

आधी कुणी हसलं नाही. मग ती गोऱ्या नातीची आजी पदर तोंडाला लावून हसायला लागली, आणि तिच्यामागे सगळ्याच. नंतरही नर्स रोज दुपारी पाच-सहा घरं फिरायचीच, बाटल्यांतली पातळी बघत. ज्यांच्या घरात अंडं परवडत नव्हतं तिथे डाळीचं पाणी देऊ नका, गाळ द्या, एवढंच सांगून यायची. भाषण करायची नाही.

समिती आली. तिघेजण होते. किल्लेदारांचं कपाट पुन्हा खचाखच भरलेलं होतं, कारण नेलेल्या बाटल्यांच्या जागी त्यांनी आणि साहेबांनी मिळून रिकामी खोकी शिस्तीत लावली होती. समितीतल्या एकाने त्यातलं एक खोकं उचललं. ते हातात पिसासारखं आलं. त्याने किल्लेदारांकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, खोकं होतं तिथे काळजीपूर्वक ठेवलं आणि म्हणाला, "मांडणी छान आहे." मग माझी वही पाहिली. ती मी साहेबांच्या हुकमाने नव्याने लिहिली होती. अकरा पॉइंट दोन. या वेळी मी दोघा-चौघांना बारा दिलं होतं. नर्सचा टोमणा मी असा उपयोगात आणला. प्रमाणपत्र मिळालं. खिळा रिकामा राहिला नाही.

लोकांना फसवणारे मी पुष्कळ पाहिलेत. पण फसवणारे, फसणारे आणि चहा देणारे असे सगळे एकाच खोलीत बसून, सगळ्यांना सगळं माहीत असताना एकमेकांचं अभिनंदन करताना मी त्या दिवशी पाहिले. चहा मी देत होतो.

प्रमाणपत्र टांगल्यावर साहेबांनी नर्सविरुद्ध तक्रार केली. परवानगीशिवाय भांडारातून औषध नेलं, अधिकाऱ्यांशी उद्धट बोलली, बाळंतपणात विनाकारण वेळ घालवते. चौकशीला एक अधिकारी आले. त्यांनी मला विचारलं, "वस्तीत तपासणी केली होती का? एकतीस बाळांचे आकडे खरे का?"

नर्स समोरच्या खुर्चीत होती. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही, चष्म्याचा दोरा नीट करत होती. मूळ यादी माझ्या खिशात होती. हात घातला असता तर लागली असती.

मी म्हणालो, "मला नक्की आठवत नाही."

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. नर्सची बदली डोंगरापलीकडच्या एका खोलीच्या केंद्रात झाली, जिथे आठवड्यातून तीनदा गाडी जायची. जाण्याच्या दिवशी नवरा आला होता. त्याने तिची ट्रंक उचलली, मी दुसरं टोक धरायला पुढे झालो तर तो शांतपणे म्हणाला, "राहू द्या. तुम्हाला सवय नाही." ती मला एवढंच म्हणाली, "तीन महिने पूर्ण झाले की पोरं परत तपास. दोन डबे पट्ट्या तुझ्या खिडकीवरच्या फळीवर आहेत. किल्लेदाराला सांगू नकोस, पुरून टाकेल."

साहेबांचं पुढे काय झालं तेही सांगून टाकतो. काही वर्षांनी वरून आदेश आला की सगळीकडे नाळ थांबूनच कापायची. आमच्या साहेबांना त्या विषयावर बोलायला बोलावू लागले. मोठ्या सभागृहात मी एकदा त्यांचं भाषण ऐकलं. "माझ्या केंद्रात आम्ही हे फार आधी सुरू केलं," ते म्हणाले, आणि पडद्यावर नाळेचं चित्र दाखवलं. टाळ्या पडल्या. नंतर मी नर्सला फोनवर हे चिडून सांगितलं. ती म्हणाली, "त्या माणसाला आयुष्यात एक खरी गोष्ट कळलीय, बोलू दे त्याला. पोरांना काय, कोण का थांबेना." मग विचारलं, "स्वतः थांबतो का पण?" मी म्हणालो, आता तो बाळंतपणं करत नाही. "मग ठीक," ती म्हणाली. ती त्या डोंगरापलीकडच्या केंद्रातूनच निवृत्त झाली. सत्कार झाला नाही. त्या दिवशी गाडीचा वार नव्हता म्हणे, त्यामुळे कुणी आलंच नाही.

पण ते नंतरचं. तीन महिने झाले तेव्हा मी पट्ट्यांचे डबे घेऊन एकटा वस्तीत गेलो. कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी बघणार नव्हतं, म्हणूनच बहुधा जमलं. एकतीसपैकी चोवीस अकराच्या वर आली होती किंवा टेकली होती. दवाखान्यातून परतलेली ती गोरी पोर आता गोरी राहिली नव्हती, आज्याच्या नावाला बट्टा लावून चांगली तांबूस झाली होती. अकरा पॉइंट चार. टोचल्याबरोबर तिने असा काही आकांत केला आणि माझ्या हातावर अशी लाथ मारली की पट्टी खाली पडली आणि दुसरी वापरावी लागली. आजी म्हणाली, "तापट निघाली. सारखी उभी राहते आणि भांडी पाडते." तक्रारीच्या सुरात म्हणाली, पण पोरीचा पाय धरून ठेवलेला हात सोडत नव्हती.

मी खरे आकडे खऱ्या वहीत लिहिले. साहेबांनी ती वही उघडली नाही. त्यांना हवं ते भिंतीवर होतं. मग मी यादीची नक्कल करून नर्सला टपालाने पाठवली. सोबत दोन पानी पत्र लिहिलं. चौकशीत मी जे बोललो त्याबद्दल खूप काही लिहिलं, माझी नोकरी, माझं घर, माझा स्वभाव. उत्तर पोस्टकार्डावर आलं. त्या दोन पानांबद्दल त्यात अक्षर नव्हतं. एकच ओळ होती: "उरलेल्या सात जणांचं काय?"

मी दुसऱ्या दिवशी गेलो. दोन घरं काम संपल्याने वस्ती सोडून गेली होती, कुठे ते शेजाऱ्यांना माहीत नव्हतं. दोघांनी थेंब अर्ध्यात सोडले होते. एकाची आई पुन्हा कामावर लागली होती आणि पोर दिवसभर सहा वर्षांच्या बहिणीकडे, म्हणजे पुन्हा चहावर. एकाला सतत हगवण होती; त्याला मी दवाखान्यात पाठवलं. सातव्याच्या घरी सासू दारातच आडवी उभी राहिली. गटारात बाटली ओतणारी ती हीच.

"ती थांबाबाई गेली ना? मग आता कशाला?"

मी म्हणालो, "ती गेली. मी आहे."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी कोण होतो हे तिला पक्कं माहीत होतं. दीड वर्ष तिच्या नातवाला न रडवणारा चांगला लॅबवाला. "मग काय सांगायचंय?" ती म्हणाली.

मी उंबऱ्याशी बसलो आणि शी काळी का होते तिथपासून सुरुवात केली.